क्रोमची चमक : आरसा खालीच असतो!

कोल्हापूरच्या शाही दसऱ्याला छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक मोटार दसरा चौकात येते, तेव्हा सोनं लुटायला जमलेल्या गर्दीतल्या बऱ्याच नजरा तिच्यावरच खिळलेल्या असतात. गाडी १९३० च्या दशकातली. तो काळच चमकदार जाळ्या, चमकदार बंपर आणि दिव्यांच्या चमकदार कडांचा होता. क्रोमियम हे मूलद्रव्य फ्रान्सच्या व्होकलँनं १७९७ मध्येच शोधलं होतं, पण त्याचा मुलामा देण्याची खात्रीची पद्धत हाती यायला सव्वाशे वर्षं लागली. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठातल्या कॉलिन फिंक आणि चार्ल्स एल्ड्रिज यांनी १९२४ च्या सुमारास ती बसवली आणि ते दशक संपेपर्यंत मोटारींवरच्या निकेलची जागा क्रोम घेऊ लागलं. तेव्हापासून 'भारी गाडी' म्हणजे 'क्रोमवाली गाडी' हे समीकरण आपल्या डोक्यात पक्कं बसलंय.

आता आपल्याकडे वळू. २००७ साली पिथमपूरला भारतातली पहिली 'बाहा' स्पर्धा झाली आणि इंजिनिअरिंग कॉलेजांच्या वर्कशॉपमध्ये गाड्या बनवायचं वेड शिरलं. कुणी बाहा करतं, कुणी गो-कार्ट, कुणी जुन्या बुलेटला नवा जन्म देतं. बाबुराव पेंटरांनी सिनेमासाठी कॅमेरासुद्धा इथंच स्वतः बनवला, अशा या गावात 'घरी बनवलेलं' हा शब्द कमीपणाचा नाहीच! पण वेल्डिंग झालं, रंग झाला, की टीममध्ये एक प्रश्न हमखास निघतो : "ह्याला क्रोम मारूया का?"

मी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि आमच्या टीममध्ये 'फिनिशिंग' हे खातं माझ्याकडे आहे. दोन वर्षांत पुस्तकं चाळून, केमिस्ट्रीच्या सरांना छळून आणि उद्यमनगरात पायपीट करून जे समजलं, ते इथं मांडते आहे. हॉस्टेलच्या खोलीत काय जमतं, वर्कशॉपमध्ये काय जमतं आणि कशाला हातसुद्धा लावायचा नाही, हे तिन्ही यात आहे. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं.

चमक म्हणजे नेमकं काय?

पहिली गंमत ही की क्रोम हा काही सर्वात चमकदार धातू नाही. चांदी दृश्य प्रकाशापैकी सुमारे ९५ टक्के परत पाठवते, अ‍ॅल्युमिनियम सुमारे ९० टक्के आणि क्रोमियम फक्त ६५ ते ७० टक्के! मग मोटारीला चांदीच का लावत नाहीत? हुपरीचे पैंजण घरात असतील तर उत्तर तुम्हाला माहीत आहे. हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे चांदी काळी पडते. क्रोमियमवर मात्र हवेत येताच ऑक्साइडचा काही नॅनोमीटरचा पारदर्शक थर बसतो. ओरखडा पडला तरी तो थर आपोआप पुन्हा तयार होतो. म्हणजे क्रोमचा खरा गुण चकाकणं हा नसून 'चकाकत राहणं' हा आहे.

दुसरी गोष्ट, आरसा व्हायला पृष्ठभाग किती गुळगुळीत हवा? प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन. पृष्ठभागावरचे उंचवटे-खड्डे याच्यापेक्षा खूप लहान असले तरच किरण शिस्तीत परत फिरतात, नाहीतर विखुरतात आणि आपल्याला पांढुरकी 'चमक' दिसते, प्रतिबिंब दिसत नाही. लेथवर नेहमीच्या पद्धतीनं टर्न केलेल्या पार्टचा खडबडीतपणा १.६ ते ३.२ मायक्रॉन असतो. वाळूतल्या कास्टिंगचा १२ मायक्रॉनच्याही वर जातो. आरशासाठी आपल्याला ०.०५ मायक्रॉनच्या आसपास पोचायचंय. हे अंतर कुठलाही मुलामा भरून काढत नाही. ते हातानंच कापावं लागतं.

खऱ्या क्रोममध्ये क्रोम किती?

आपण ज्याला 'क्रोम प्लेटिंग' म्हणतो तो खरं तर थरांचा ढीग असतो. आधी पार्ट घासून, धुऊन, आम्लात बुडवून स्वच्छ करतात. त्यावर बहुतेक वेळा तांबं, मग निकेल आणि सर्वात वर क्रोम. निकेल साधारण १० ते ४० मायक्रॉन. क्रोम मात्र फक्त ०.३ मायक्रॉनच्या आसपास! आपला केस सुमारे ७० मायक्रॉनचा धरला तर हा थर त्याच्या दोनशेव्या हिश्श्याहूनही पातळ.

फॅराडेचा नियम परीक्षेपुरता पाठ केलेल्यांसाठी छोटा हिशोब. एक चौरस डेसिमीटर, म्हणजे १० सेंमी बाय १० सेंमीचा तुकडा घेऊ.

निकेल २० मायक्रॉन : वजन सुमारे १.७८ ग्रॅम. लागणारा विद्युतभार सुमारे ५,८५० कूलोम. ४ अँपिअर प्रवाह धरला तर साधारण २५ मिनिटं.

क्रोम ०.३ मायक्रॉन : वजन सुमारे ०.०२२ ग्रॅम. विद्युतभार सुमारे २४० कूलोम. पण क्रोमच्या बाथची कार्यक्षमता फक्त १० ते २० टक्के असते. १५ टक्के धरून १,६०० कूलोम. १५ अँपिअरला दोन मिनिटंसुद्धा लागत नाहीत.

थोडक्यात, ज्याच्या नावानं सगळं ओळखलं जातं त्या क्रोमचं काम दोन मिनिटांचं, निकेलचं अर्ध्या तासाचं आणि त्याआधीच्या घासकामाचं तासन् तासांचं! उद्यमनगरातल्या एका बफिंगवाल्या मामांनी हाच सगळा धडा मला तीन वाक्यांत सांगितला होता : "पोरी, क्रोम म्हंजे नुसती काच हाय बघ. आरसा खाली असतोय. खाली खड्डा असंल तर वर बी खड्डाच दिसणार."

हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पुढचं सगळं त्याचाच विस्तार आहे.

रस्ता पहिला : मुलामा नकोच, धातूच चमकवा

घरगुती कामासाठी सर्वात स्वस्त, सुरक्षित आणि टिकाऊ रस्ता हाच. दोन धातू यासाठी उत्तम आहेत.

एक, स्टेनलेस स्टील ३०४. यात सुमारे १८ टक्के क्रोमियम धातूतच मिसळलेलं असतं, आणि त्याच्या पृष्ठभागावरचा संरक्षक थर हाही क्रोमियम ऑक्साइडचाच. म्हणजे हे 'आतून-बाहेरून क्रोम' झालं! जिन्याच्या कठड्याला वापरतात तो पाइप घ्या, वाकवा, वेल्ड करा, घासा. बंपर, पायदान, आरशाचा दांडा यांना याहून चांगलं काही नाही. सोलून निघायला वर काही चिकटवलेलंच नाही. फक्त सायलेन्सरचा पाइप तापला की निळा-सोनेरी होतो, ते गृहीत धरा. (काहींना तेच जास्त आवडतं!)

दुसरा, अ‍ॅल्युमिनियम. ६०६१ किंवा ६०६३ चा पाइप अथवा पट्टी सुंदर चमकते. कास्टिंगच्या बाबतीत सावध राहा. आपल्या फौंड्रीवाल्यांचं आवडतं एलएम ६ म्हणजे १० ते १३ टक्के सिलिकॉन. साच्यात ते छान वाहतं, पण पॉलिश केल्यावर जरा करडं दिसतं. शिवाय घासताना पोटातली छिद्रं उघडी पडतात. ओतीव पार्ट चमकवायचाच असेल तर आधी एक कोपरा घासून बघा आणि मगच पूर्ण पार्टच्या मागे लागा.

कृती अशी. कास्टिंग असेल तर आधी कानस आणि १२० चा पेपर. मग २२०, ४००, ६००, ८००, १०००, १५००, २००० अशा क्रमानं वॉटर पेपर. पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब टाका. सपाट भागावर पेपरमागे लाकडी ठोकळा धरा, नुसत्या बोटांनी घासलं की लाटा पडतात. प्रत्येक पेपरला घासायची दिशा ९० अंशांनी बदला, म्हणजे आधीचे ओरखडे संपले की नाहीत ते लगेच दिसतं. ते पूर्ण गेल्याशिवाय पुढचा पेपर हातात घ्यायचा नाही. कारण पुढचा पेपर फक्त मागच्या पेपरचे ओरखडे काढू शकतो. त्याच्याही मागच्याची उधारी फेडणं त्याच्या ताकदीबाहेरचं असतं. पेपर बदलताना पार्ट, ठोकळा आणि पाणी तिन्ही स्वच्छ करा. जाड पेपरचा एक कण मागे राहिला तरी तो तासाभराचं काम बिघडवतो.

मग बफ. आधी जरा कडक चाकावर तपकिरी ट्रिपोलीचा बार, नंतर मऊ सुती चाकावर पांढरा किंवा हिरवा. (हिरव्या बारमधली पूड म्हणजे क्रोमियम ऑक्साइडच, बरं का!) दर बारला वेगळं चाक. सहा इंची चाक २,८०० आरपीएमला फिरतं तेव्हा त्याच्या कडेचा वेग सेकंदाला २२ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ८० किलोमीटर असतो. म्हणून पार्ट चाकाच्या मध्याच्या खाली, आणि त्याची कड फिरण्याच्या दिशेनं जाणारी अशीच धरायची. उलटी कड धरली तर चाक पार्ट हिसकावतं आणि फेकतं. ओढणी, मफलर, मोकळे केस, सैल बाह्या, विणलेले हातमोजे यातलं काहीही चाकाजवळ नको. डोळ्यांवर चष्मा आणि नाकावर मास्क हवाच. अ‍ॅल्युमिनियमची बारीक भुकटी पेट घेते, म्हणून ती साठू देऊ नका आणि लोखंड ग्राइंड करून ठिणग्या उडतात त्या जागी हे काम करू नका.

झालं की नाही हे कसं ओळखायचं? मशीन नसेल तर मेसमधला पेपर घ्या. पार्टसमोर धरून प्रतिबिंबात आधी मथळा वाचता येतो का बघा, मग बातमी, मग छोट्या जाहिराती. अक्षरं उलटी दिसतील, पण कडा स्पष्ट हव्यात. छोट्या जाहिराती वाचता आल्या की तुम्ही जिंकलात. शेवटी साबणपाण्यानं धुऊन गाडीचं मेण लावा. अ‍ॅल्युमिनियम धुवायला सोडा वापरू नका, अल्कली त्याला खाते आणि चमक एका धुण्यात जाते.

रस्ता दुसरा : फायबर आणि प्लास्टिक

नाकाडाचा फायबरचा तुकडा किंवा थ्री-डी प्रिंटरवर काढलेला लोगो घासून धातू होणार नाही. इथं तीन पर्याय आहेत.

(१) क्रोम पेंट. साधा चंदेरी स्प्रे करडा का दिसतो? त्यातले अ‍ॅल्युमिनियमचे कण जाड असतात आणि कसेही पडतात. क्रोम पेंटमधले कण निर्वातात बनवलेल्या फिल्मचे तुकडे असतात, जाडी ०.०५ मायक्रॉनहूनही कमी. ते पानांसारखे सपाट पसरतात. पण हा थर इतका पातळ की खालचा प्रत्येक ओरखडा वर दिसतो. म्हणून आधी पुट्टी, प्रायमर, २००० पर्यंत घासकाम आणि वर आरशासारखा चमकदार काळा रंग. तो पूर्ण वाळल्यावर क्रोम पेंटचे अगदी विरळ हात. जाड हात दिला की लगेच चंदेरी पत्रा दिसायला लागतो. वर क्लिअर मारला की चमक थोडी उतरते, न मारला तर बोटाचे ठसे उमटतात. दिसायला छान, पण हात लागणाऱ्या जागी टिकत नाही.

(२) व्हॅक्यूम मेटलायझिंग. गाडीच्या हेडलाइटचा प्लास्टिकचा रिफ्लेक्टर असाच चमकवतात. निर्वात टाकीत अ‍ॅल्युमिनियमची वाफ करून सुमारे ०.१ मायक्रॉनचा थर बसवतात, खाली-वर लॅकर. हे काम बाहेरून करून घ्यायचं.

(३) चांदीचा फवारा. बारावीच्या प्रॅक्टिकलमधली टोलेन्सची परीक्षा आठवते? टेस्ट ट्यूबच्या आत आरसा तयार व्हायचा, तेच तत्त्व. सिल्व्हर नायट्रेट, अमोनिया आणि ग्लुकोज. चमक अप्रतिम. पण एक ताकीद : ते अमोनियावालं द्रावण करून ठेवायचं नाही. शिळं झालं की त्यात चांदीचं स्फोटक संयुग तयार होऊ शकतं. हे फक्त केमिस्ट्री लॅबमध्ये, सर-मॅडम समोर असताना, लागेल तेवढंच करून उरलेलं लगेच नष्ट करायचं. खोलीत मुळीच नाही.

तिन्ही पर्यायांत एक गोष्ट लक्षात आली? काळा रंग असो की लॅकर, आरसा परत खालीच!

बादलीतलं क्रोम : स्पष्ट नको

"बॅटरी चार्जर आहे, शिशाची पट्टी आहे, ते लाल खडे मिळाले की झालं" असं म्हणणारा एक तरी वीर प्रत्येक मजल्यावर असतो. ते लाल खडे म्हणजे क्रोमियम ट्रायऑक्साइड. त्यातलं सहा-संयुजी क्रोमियम माणसाला कर्करोग करतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं त्याला पहिल्या गटात टाकलंय. प्लेटिंग करताना ८०-९० टक्के वीज हायड्रोजनचे बुडबुडे काढण्यात जाते. हे बुडबुडे फुटले की आम्लाचे सूक्ष्म तुषार हवेत उडतात आणि तेच श्वासातून आत जातात. हे काम वर्षानुवर्षं संरक्षणाशिवाय करणाऱ्यांच्या हातांवर बऱ्या न होणाऱ्या जखमा होतात, नाकाच्या पडद्याला भोक पडतं. बंद खोलीत हायड्रोजन साठला तर आग लागण्याचा धोका वेगळाच.

आणि काम झाल्यावर बादली कुठं ओतणार? एक हिशोब करून बघा. नेहमीच्या बाथमध्ये लिटरला २५० ग्रॅम क्रोमियम ट्रायऑक्साइड असतं, म्हणजे १३० ग्रॅम क्रोमियम. पिण्याच्या पाण्यात आपल्याकडे क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे. म्हणजे एक लिटर द्रावण त्या मर्यादेत आणायला २६ लाख लिटर पाणी लागेल, १०,००० लिटरचे २६० टँकर! एका लिटरसाठी. गटारातून नाला, नाल्यातून पंचगंगा हा रस्ता कोल्हापूरकरांना सांगायची गरज नाही.

कारखान्यात हे पाणी आधी आम्लधर्मी करून रसायनानं सहा-संयुजीचं त्रि-संयुजी करतात. नारिंगी-पिवळा रंग जाऊन हिरवा येतो. मग चुन्यानं पीएच वाढवून गाळ खाली बसवतात, आणि तो गाळही घातक कचरा म्हणून वेगळा पाठवावा लागतो. बाहेर सोडायच्या पाण्यात सहा-संयुजी क्रोमियम लिटरला ०.१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. म्हणूनच या धंद्याला प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते. युरोपात तर २१ सप्टेंबर २०१७ नंतर हे रसायन परवानगीशिवाय वापरता येत नाही. कॅलिफोर्नियानं २०२३ मध्ये शोभेच्या कामातून ते २०२७ पासून टप्प्याटप्प्यानं हद्दपार करायचा नियम केला. त्रि-संयुजी क्रोमचे बाथ आता मिळतात. रंगात किंचित फरक पडतो, विषारीपणात खूप. प्लेटिंग करून घ्यायचंच असेल तर अशा ठिकाणी विचारा.

सौंदर्य की स्टिअरिंग?

मागच्या वर्षी आमच्या टीममधल्या एका ज्युनिअरनं विचारलं, "ताई, टाय रॉडला आणि बोल्टना पण मारूया की! लई भारी दिसंल." दिसलं असतं भारी, यात शंका नाही. पण मगाशी म्हटलं त्या हायड्रोजनचा एक भाग बुडबुडा होऊन उडून न जाता पोलादाच्या आत शिरतो. मऊ पोलादाला त्याचं फारसं काही वाटत नाही. पण १०.९ किंवा १२.९ ग्रेडचे बोल्ट, स्प्रिंगा, हार्डन केलेले पार्ट यांना तो ठिसूळ करतो. असा बोल्ट घट्ट करताना तुटत नाही. काही तासांनी किंवा दिवसांनी, ताण त्याच्या क्षमतेपेक्षा कमी असताना, न वाकता, न सांगता तुटतो. उपाय आहे : प्लेटिंगनंतर काही तासांच्या आत १९०-२२० अंश सेल्सिअसला कित्येक तास भाजून हायड्रोजन बाहेर काढतात. पण ते नीट झालंय की नाही हे नुसतं बघून कळत नाही.

म्हणून आमचा नियम साधा आहे : ज्या पार्टवर ड्रायव्हरचा जीव अवलंबून आहे त्याला चमक नाही. टाय रॉड, सस्पेन्शनचे हात, स्प्रिंगा, ब्रेकचे पार्ट, चेसिसचे जोड यांना फक्त पातळ रंग. रंगाखालची भेग लवकर दिसते आणि तपासणी सोपी होते. तो ज्युनिअर जरा हिरमुसला, पण पुढच्या टेस्ट रनला गाडी त्यालाच चालवायची होती. मग वाद मिटला!

प्लेटिंगला देताना

शोभेचा एखादा पार्ट कारखान्यात द्यायचाच असेल तर डिझाइन करतानाच काही गोष्टी लक्षात ठेवा. क्रोमचा प्रवाह टोकांवर गर्दी करतो आणि खोबणीत पोचत नाही, म्हणून धारदार कोपरे गोल करा आणि खोल खाचा टाळा. बंद पाइपला निचऱ्याचं भोक ठेवा, नाहीतर आत अडकलेलं आम्ल महिनाभरानं गंज होऊन बाहेर येतं. वेल्डिंग आधी पूर्ण करा. पार्ट टांगायला न दिसणारी जागा ठेवा. आणि घासकाम शक्य तेवढं स्वतः करून द्या. पैसे वाचतात आणि चमक तुमची होते.

थोडक्यात यादी : पाइप आणि बंपर – स्टेनलेस घासून. अ‍ॅल्युमिनियमचे पार्ट – पॉलिश आणि मेण. फायबर – काळ्या रंगावर क्रोम पेंट. प्लास्टिकचे छोटे तुकडे – मेटलायझिंग. जिवाचे पार्ट – काहीच नाही. लाल खडे – कधीच नाही.

तर मंडळी, सेमिस्टर संपेपर्यंत एक छोटा पार्ट तरी २००० च्या पेपरपर्यंत नेऊन बघा. बोटं दुखतील, रूममेट वैतागेल, पण त्यात स्वतःचं तोंड स्पष्ट दिसेल तेव्हा जे वाटतं ते विकतच्या क्रोममध्ये मिळत नाही. वॉटर पेपरची यादी आणि बफ वर्कशॉपमध्ये आहेत. संध्याकाळी पाचनंतर मीही तिथंच असते. या!